अंध मतदाराला आपलं मत स्वतः तपासता यायचं असेल तर ईव्हीएममध्ये काय बदलावं लागेल

प्रश्न असा आहे: "माझी बहीण पूर्ण अंध आहे. एटीएम बोलतं, मग ईव्हीएम का बोलत नाही? बोलायला लावलं तर सुरक्षितता धोक्यात येते म्हणतात, ते खरं आहे का? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ मोबाइलवरून मतदान का देत नाहीत?"

मी एम्बेडेड सिस्टिम्समध्ये, म्हणजे यंत्रांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यातली बरीच वर्षं बोलणारी एटीएम आणि तिकिटांची मशिन्स दिव्यांग लोकांसोबत बसून तपासण्यात गेलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी थोडक्यात उत्तर. मशिनने बोलायला काहीच हरकत नाही, पण काय बोलायचं आणि ते कुठून वाचून बोलायचं यावर सगळं अवलंबून आहे. ते चुकीच्या पद्धतीने केलं तर सुरक्षितता खरंच कमी होते, आणि नीट केलं तर आज आहे त्यापेक्षा वाढते, फक्त अंध मतदारांची नाही तर सगळ्यांची.

आता आज काय होतं ते बघा. केंद्रावर पहिला अधिकारी यादीत नाव बघतो, दुसरा शाई लावतो आणि रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेतो, तिसरा त्याच्यासमोरच्या कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे मत द्यायला परवानगी देणाऱ्या भागावरचं बॅलट बटण दाबतो, मग मतदार आडोशामागे जातो. अंध मतदाराने मागितली तर त्याला आधी ब्रेल लिपीतली नमुना मतपत्रिका मिळते, त्यात उमेदवारांची नावं क्रमाने असतात, ती बोटांनी वाचून आपल्या उमेदवाराचा नंबर लक्षात ठेवायचा. आडोशामागच्या बॅलट युनिटवर, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या भागावर, निळ्या बटणांच्या उजवीकडे १ ते १६ आकडे ब्रेलमध्ये उठवलेले असतात, तिथे आपला नंबर शोधायचा आणि बटण दाबायचं. इथपर्यंत व्यवस्था चांगली आहे, आणि ती कोणी आपणहून दिलेली नाही, २००४ साली अपंग हक्कांसाठी काम करणारे लोक सुप्रीम कोर्टात गेले तेव्हापासून रॅम्प आणि ब्रेल हे विषय निवडणूक आयोगाच्या टेबलावर आले.

बटण दाबल्यावर डोळस माणसाला तीन गोष्टी मिळतात. शेजारचा लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅट म्हणजे ईव्हीएमला जोडलेलं मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, त्याच्या काचेतून ७ सेकंद चिठ्ठी दिसते ज्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेलं असतं, आणि मग बीप वाजतो. अंध मतदाराला यातला फक्त बीप मिळतो. तो बीप कुठलंही बटण दाबलं तरी तसाच वाजतो. म्हणजे मत नोंदलं गेलं एवढं कळतं, कोणाला गेलं ते कळत नाही.

ही गोष्ट बारीक वाटते पण तशी नाहीये. व्हीव्हीपॅट मुळात आलं कशासाठी? ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं की कागदी पुरावा ही मुक्त आणि न्याय्य निवडणुकीची अत्यावश्यक गरज आहे. त्याच्या महिनाभर आधी नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत ते पहिल्यांदा वापरलं होतं आणि २०१९ च्या लोकसभेला देशातल्या प्रत्येक केंद्रावर पोचलं. त्यामागचा विचार हाच की मशिनवर नुसता विश्वास ठेवायला लावू नका, मतदाराला स्वतः बघू द्या. हा विचार मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त तो अमलात आणताना डोळ्यांनी बघू शकणारा मतदार तेवढाच समोर धरला गेला, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ईव्हीएम २०१३ च्या आधी होतं तसंच राहिलं.

याचा कायद्यातला परिणाम बघा. निवडणूक संचालन नियमांत ४९एमए नावाचा नियम आहे. चिठ्ठीवर वेगळ्याच उमेदवाराचं नाव आलं असं मतदाराचं म्हणणं असेल तर तो लेखी तक्रार देऊ शकतो, मग केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या एजंटांच्या समोर चाचणी मत टाकायला लावतात, तक्रार खरी निघाली तर मतदान थांबतं, खोटी निघाली तर तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. आता सांगा, अंध मतदार ही तक्रार कशाच्या आधारावर करणार? त्याने चिठ्ठी बघितलेलीच नाही. मशिन बिघडलं किंवा कोणी बिघडवलं तर ते पकडायचा जो एकमेव रस्ता मतदाराच्या हातात आहे तो त्याला बंद आहे. म्हणून मी नेहमी म्हणते की सुलभता एका बाजूला आणि सुरक्षितता दुसऱ्या बाजूला असं पारडं मांडणंच चूक आहे, आपलं मत ज्याला तपासता येत नाही त्याच्यापुरतं ते मशिन कमी सुरक्षित आहे, बस्स.

यावर लगेच उत्तर येतं की सोबती आहे ना. नियम ४९एन प्रमाणे अंध किंवा शारीरिकदृष्ट्या असमर्थ मतदाराला १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो, सोबत्याने मत गुप्त ठेवायचं लिहून द्यायचं, आणि एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती व्हायचं. ही सोय हवीच, कितीतरी लोकांना ती लागते. पण सोबती बटण दाबतो तेव्हा मतदार त्याच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही करू शकत नाही. खेड्यात एका घरातली म्हातारी आजी आणि तिचा नातू, नातू गावातल्या एका गटाचा कार्यकर्ता, अशा वेळी आजीने तोंडाने सांगितलेलं नाव आणि दाबलेलं बटण एकच होतं का, हे नातवाशिवाय जगात कोणालाच कळणार नाही. शिवाय केंद्रावर बऱ्याचदा असं होतं की पांढरी काठी दिसली की अधिकारीच विचारतात "सोबत कोण आलंय?", आणि एकटी आलेली व्यक्ती "मला ब्रेल येतं, मी एकटी करते" म्हणाली तरी रांगेच्या घाईत तिला कोणाचा तरी हात धरायला लावतात. सोबती नेणं हा मतदाराचा हक्क आहे, सक्ती नाही, हे ट्रेनिंगमध्ये ठळक सांगायला हवं.

आणि ब्रेल सगळ्यांना येतं हाही मोठा गैरसमज आहे. लहानपणापासून अंध असलेली, अंधशाळेत शिकलेली मुलं ब्रेल सराईत वाचतात. पण मधुमेहामुळे, काचबिंदूमुळे पन्नाशी-साठीत दृष्टी गेलेला माणूस ब्रेल शिकलेला नसतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात किंवा इतर ठिकाणी कुष्ठरोगातून बरे झालेले जे मतदार आहेत त्यातल्या अनेकांच्या बोटांना स्पर्शच कळत नाही, काहींची बोटं झडलेली असतात, त्यांना उठावाचे ठिपके काय उपयोगाचे. म्हणजे आवाज लागणारच.

मग एटीएमसारखा आवाज का देत नाहीत? रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून बसवलं जाणारं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं आणि ब्रेल कीपॅडचं असावं असं सांगितलं, त्यामुळे तंत्रज्ञान देशात आहे, स्वस्त आहे, मराठीतही आहे. पण एटीएम आणि मतदान यात एक मूलभूत फरक आहे. एटीएम खोटं बोललं तर पासबुकात पकडलं जातं, एसएमएस येतो, बँकेत जाऊन भांडता येतं. मताची पावती घरी नेता येत नाही आणि नेता येऊच नये, नाहीतर मत विकणं सोपं होईल. त्यामुळे जे काही तपासायचं ते त्या आडोशामागे, त्या काही सेकंदातच तपासून व्हायला पाहिजे.

इथे डिझाइनचा खरा प्रश्न येतो. समजा बॅलट युनिटला हेडफोनचा जॅक दिला आणि ३ नंबरचं बटण दाबल्यावर मशिन कानात "तीन" म्हणालं. छान वाटेल, पण त्याने सिद्ध काय झालं? ज्या मशिनवर आपल्याला शंका असू शकते त्याच मशिनने आपल्याला सांगितलं की मी बरोबर आहे. लबाडी करणारं मशिन कानात "तीन" म्हणेल आणि कागदावर पाच छापेल. रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक या संगणकतज्ज्ञांनी २००६ मध्ये हे तत्त्व फार नेमकं मांडलं: सॉफ्टवेअरमधला न सापडलेला बदल किंवा चूक निकालात न सापडणारा बदल घडवू शकता कामा नये. अंध मतदारासाठी हे तत्त्व पाळायचं तर आवाज मशिनच्या मेमरीतून येऊन चालणार नाही, तो छापलेल्या कागदावरून वाचून आला पाहिजे, आणि वाचणारं उपकरण छापणाऱ्यापासून पूर्ण वेगळं पाहिजे, मधे एकही वायर नको.

अमेरिकेने यात आधी एक चूक करून घेतली. २००२ च्या हेल्प अमेरिका व्होट कायद्याने प्रत्येक मतदान केंद्रावर निदान एक तरी मशिन दिव्यांगांना एकट्याने वापरता येईल असं हवं अशी अट घातली, हेतू उत्तमच, पण घाईघाईत जी टचस्क्रीन मशिन्स घेतली त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कागदच नव्हता, मग सुरक्षेवाले आणि अपंग संघटना समोरासमोर उभे राहिले आणि ते भांडण अनेक वर्षं चाललं. नंतर मतपत्रिकेवर खूण छापून देणारी मशिन्स आली, हेडफोन, उठावाची बटणं, फुंकर मारून चालवायचा स्विच, सगळं त्यात आहे. भारतात आपल्याला ते पूर्ण चक्र पुन्हा फिरायची गरज नाही कारण कागद आपल्याकडे आधीच आहे.

मग आपल्या मशिनला काय जोडायचं? निवडणूक आयोगापुढे ठेवावा असा माझा प्रस्ताव असा आहे. व्हीव्हीपॅटच्या काचेवर बसणारं एक छोटं वाचक उपकरण, जे चिठ्ठीवरचा फक्त अनुक्रमांक वाचेल आणि हेडफोनमध्ये बोलेल. नाव नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही, फक्त आकडा.

आकडाच का, याला तीन कारणं आहेत आणि मला वाटतं सगळी गंमत इथेच आहे. पहिलं, कुठला नंबर कोणाचा ही माहिती गुप्त नाही, ती मतदानाच्या सुमारे दोन आठवडे आधी जाहीर होते, घरी मोबाइलवर ऐकता येते, बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, सांगू शकतो, केंद्रावर मोठ्याने वाचून दाखवता येते किंवा ब्रेलमध्ये वाचता येते. गुप्त फक्त एवढंच आहे की मी कुठला नंबर दाबला. दुसरं, उपकरणात उमेदवारांची माहितीच भरायची नाही म्हटल्यावर ते गडचिरोलीत आणि सिंधुदुर्गात अगदी एकसारखं असेल, त्यात प्रत्येक निवडणुकीला काहीही लोड करावं लागणार नाही. ईव्हीएमच्या बाबतीत आज जो सर्वात वादाचा भाग आहे तो चिन्हं लोड करण्याचाच, म्हणजे उमेदवारांची नावं आणि चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये भरण्याचा, २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली पण चिन्ह लोड करणारी युनिट्स निकालानंतर ४५ दिवस सील करून ठेवायला सांगितली. उमेदवारांच्या नावांच्या आवाजाच्या फाइल्स भरायच्या म्हटलं तर याच नाजूक जागी आणखी एक दार उघडतं, शिवाय कोणाचं नाव कसं उच्चारलं यावरून वाद होणार ते वेगळंच, आणि महाराष्ट्रात एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करण्याची जी पद्धत आहे त्यात कानाने फरक करणं कठीण. आकड्याला हा त्रास नाही.

तिसरं कारण वेळेचं. नाव, पक्ष, चिन्ह सगळं वाचायचं तर ७ सेकंद पुरत नाहीत. मग चिठ्ठी जास्त वेळ थांबवा असं म्हणाल तर हिशोब करून बघा, एका केंद्रावर १२०० मतदार धरले आणि प्रत्येकी ८ सेकंद वाढवली तर ९६०० सेकंद, म्हणजे २ तास ४० मिनिटं. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ या वेळात ते कोणी परवडवून घेणार नाही. पण "पाच... पाच... पाच" हे ७ सेकंदात तीनदा आरामात बोलून होतं. म्हणजे व्हीव्हीपॅटच्या आत हातही लावावा लागत नाही, ती मोठी गोष्ट आहे, कारण आतलं काही बदललं की सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून.

आता याचा धोका. चिठ्ठीसमोर कॅमेरा बसवणं म्हणजे गुप्ततेच्या बाबतीत आगीशी खेळ आहे हे मला पूर्ण माहितीये. प्रत्येक मतदाराची चिठ्ठी त्या काचेतून जाते, आणि बाहेर रजिस्टरमध्ये मतदार कुठल्या क्रमाने आले ते लिहिलेलं असतं. उपकरणाने नुसता आकड्यांचा क्रम जरी साठवला तरी दोन्ही याद्या शेजारी ठेवून अख्ख्या गावाचं मत उघडं पडेल. त्यामुळे काही गोष्टी अशा पाहिजेत ज्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नाहीत, हाताने तपासता येतील. हेडफोनची पिन आत घातल्याशिवाय उपकरणाला वीजच मिळता कामा नये, पिन काढली की बंद. वीज गेली की सगळं विसरेल अशीच मेमरी, कायम साठवणारी चिप बोर्डवर नकोच. वायरलेस काही नको, यूएसबी नको. कॅमेऱ्यापुढे यांत्रिक झडप, पिन घातली तरच सरकणारी, म्हणजे बाकी मतदारांना ती बंद दिसते आणि कॅमेरा आंधळा असतो. सेन्सर इतका साधा की आकड्यापलीकडे काही ओळखू नये. आणि बोर्डचं पूर्ण डिझाइन जाहीर, कोणालाही अभ्यासता येईल असं. २०१० मध्ये हरी प्रसाद, अॅलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंगग्रिप या संशोधकांनी भारतीय ईव्हीएमवर प्रयोग करून दाखवला होता तेव्हा त्यांनी डिस्प्लेचा भाग बदलला होता, कंट्रोल युनिट खोटा आकडा दाखवत होतं. हातात मशिन मिळालं तर काय होऊ शकतं याचं ते उदाहरण, म्हणून नव्या उपकरणालाही तीच सील, तीच पहिल्या स्तरावरची तपासणी, तेच रँडमायझेशन (कुठलं मशिन कुठल्या केंद्रावर जाईल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं) हवं जे बाकी मशिन्सना आहे, आणि मतदानाआधी निदान ५० मतांचं जे मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, एजंटांसमोर होतं त्यात हेडफोन लावून आकडे जुळवायचे.

दुसरा धोका माणसांचा आहे. एखाद्या केंद्रावर हेडफोन वापरणारी एकच व्यक्ती असेल तर तिच्याभोवतीच सगळ्यांचं लक्ष. अमेरिकेत मेरीलँडमध्ये हे घडलं, दिव्यांगांच्या मशिनमधून निघणारी मतपत्रिका बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आकाराची होती, वापरणारे थोडे, मग मोजताना ती कोणाची हे उघडच, आणि अंधांच्या राष्ट्रीय संघटनेला कोर्टात जावं लागलं. आपल्याकडे चिठ्ठी सगळ्यांची एकसारखीच राहील हा मोठा फायदा आहे. तरी मी म्हणेन की डोळस मतदारांनाही हेडफोन वापरायला मोकळीक द्या, किंबहुना सांगा. दोन फायदे होतात. अंध व्यक्ती वेगळी पडत नाही, आणि डोळस माणूस कानाने ऐकलेला आकडा काचेत दिसणाऱ्या आकड्याशी ताडतो, म्हणजे वाचक उपकरण खरं बोलतंय का याची दिवसभर आपोआप तपासणी चालू राहते. कुठल्या केंद्रावर कोण केव्हा तपासेल हे आधी माहीत नसल्यामुळे लबाडी करणं फार अवघड होतं. हेडफोन मतदाराने घरून आणलेला चालावा, नसेल तर केंद्रावरचा, आवाज बाहेर येणार नाही असा.

डोळस लोक तरी चिठ्ठी बघतात का, हाही प्रश्न विचारायला हवा. मिशिगन विद्यापीठाच्या टीमने २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, नकली मतदानात २४१ लोकांच्या मतपत्रिकेवर मशिनने मुद्दाम एक मत बदलून छापलं. काही न सांगता सोडलं तेव्हा जेमतेम ४० टक्के लोकांनी छापलेला कागद बघितला आणि चूक अधिकाऱ्याला सांगणारे होते फक्त ६.६ टक्के. कागद मशिनमध्ये टाकायच्या आधी तपासायला तोंडी सांगितलं आणि कोणाला मत द्यायचं त्याची लिहिलेली यादी हातात दिली तेव्हा आकडा खूप वाढला. आता ज्याला कानात आपोआप "पाच" ऐकू येतं तो न ऐकता राहूच शकत नाही, म्हणून मला खरंच वाटतं की अंध मतदार हे सगळ्यात दक्ष तपासनीस ठरतील.

नजरेच्या पलीकडच्या अडचणींबद्दल थोडं. हात थरथरणारे मतदार, पार्किन्सन किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले, त्यांचा प्रश्न तपासण्याआधीचा आहे. ईव्हीएमवर पहिलं दाबलेलं बटण हेच मत, "नक्की का?" विचारणारी पायरी नाही. बोट घसरून शेजारचं दाबलं गेलं की संपलं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बॅलट युनिटवर ठेवायची जाड प्लास्टिकची जाळी, प्रत्येक बटणापाशी खोल भोक, बोट टेकवून मग आत घालायचं, त्यात इलेक्ट्रॉनिक्स काही नाही त्यामुळे सुरक्षेचा प्रश्नच नाही. जर्मनीत अंध मतदारांच्या संघटना कागदी मतपत्रिकेसाठी असा साचा वाटतात, तोच विचार. ज्यांना बोट अजिबात वापरता येत नाही त्यांना डोक्याने किंवा फुंकरीने चालणारा स्विच लागतो, त्यासाठी बॅलट युनिट बदलावं लागेल, आणि तिथे एकच नियम: जोडणी दोन तारांची, फक्त चालू-बंद कळणारी, जिच्यातून डेटा जाऊच शकत नाही. टेबलाची उंची आणि व्हीलचेअर आडोशात वळेल एवढी जागा हे तर पैसेही न लागणारे विषय आहेत. कमी दिसणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये बिहारपासून मतपत्रिकेवर रंगीत फोटो आणि ३० पॉइंटचे ठळक आकडे आले, ते चांगलं पाऊल आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक लक्षात घ्या, वरचं सगळं लोकसभा-विधानसभेचं. महापालिका, नगरपालिका, झेडपीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅटच नाही, म्हणजे वाचायला कागदच नाही. वर बहुसदस्यीय प्रभाग. २०२६ च्या जानेवारीतल्या महापालिका निवडणुकीत मुंबई सोडली तर मतदाराला एकापेक्षा जास्त, बहुतेक ठिकाणी चार मतं द्यायची होती, आणि कुठली मतपत्रिका कुठल्या जागेची हे ओळखायला पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा असे रंग. रंगाने अंध माणसाला काय कळणार? तिथे अ, ब, क, ड प्रत्येक गटाच्या सुरुवातीला बोटाला लागेल असा वेगळा उठाव पाहिजे, आणि प्रत्येक मतानंतर वेगळा आवाज. अपंग हक्क कायदा २०१६ चं कलम ११ केंद्रीय आयोगाइतकंच राज्य निवडणूक आयोगांनाही नाव घेऊन बांधतं, मतदान केंद्रं आणि निवडणुकीचं सगळं साहित्य सुलभ असायलाच हवं असं त्यात आहे.

आता मोबाइल. मला या मागणीमागची तळमळ कळते, तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला चार माणसं लागतात त्याला "केंद्रावर या" म्हणणं सोपं नाही. पण मी याच्या विरोधात आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने २०११ ला आयव्होट, म्हणजे इंटरनेट आणि फोनवरून मतदान, सुरू केलं ते मुख्यतः अंध मतदारांसाठीच. पुढे ते इतरांना खुलं झालं, २०१५ ला सुमारे २ लाख ८० हजार मतं त्यावरून पडली, आणि मतदान चालू असतानाच संशोधक व्हेनेसा टीग आणि वर आलेले हाल्डरमन यांनी दाखवलं की मतदाराच्या ब्राउझरमधलं मत वाटेत बदलता येईल. डिसेंबर २०२१ मध्ये स्थानिक निवडणुकीत ते कोलमडलं, काही लोकांना मतच देता आलं नाही, कोर्टाने तीन ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या आणि आयव्होट बंद पडलं. ज्या अंध मतदारांसाठी ते उभं केलं होतं त्यांच्या हातातून एकट्याने मत द्यायची ती सोय गेली, २०२३ ला त्यांना फोनवरून माणसाला मत सांगून नोंदवावं लागलं. आपल्याकडे बिहार राज्य निवडणूक आयोगाने जून २०२५ मध्ये नगरपालिका निवडणुकीत मोबाइल अॅपवरून मतदान घेतलं, त्यात दिव्यांगही होते. फोनमध्ये काय काय घुसलंय हे कोणीच सांगू शकत नाही हा एक भाग, पण मला जास्त भीती घराची वाटते. जो माणूस औषधापासून अंघोळीपर्यंत घरच्यांवर अवलंबून आहे त्याचा फोन, त्याचा पिन, त्याच्या चेहऱ्यासमोर धरलेला कॅमेरा, सगळं घरच्यांच्या हातात असतं. मतदान केंद्राचा आडोसा हीच काही लोकांसाठी पाच वर्षांतली एकमेव जागा असते जिथे घरातलं कोणी बघत नसतं.

घरी मतदान लागणारच असेल तर फॉर्म १२डी चा, म्हणजे घरून मत देण्यासाठीच्या अर्जाचा, रस्ता आहे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांवरच्यांना. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत अर्ज द्यायचा, मग टीम घरी येते, व्हिडिओ शूटिंग असतं, उमेदवारांच्या प्रतिनिधींना कळवलेलं असतं. तिथे कागदावर खूण करायची असते त्यामुळे पूर्ण अंध व्यक्तीला पुन्हा दुसऱ्याचा हात लागतोच, आणि एकदा १२डी मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. तुमच्या बहिणीला चालता-फिरता येत असेल आणि ब्रेल येत असेल तर मी केंद्रावरच जायला सांगेन. निवडणूक आयोगाच्या सक्षम अॅपवर आधी नोंद करा, रांगेत थांबावं लागत नाही, आत गेल्या गेल्या पहिल्या अधिकाऱ्याकडे ब्रेल मतपत्रिका मागा, आणि "मी एकटी जाणार" हे केंद्राध्यक्षांना आधीच सांगून ठेवा. उमेदवार पंधरापेक्षा जास्त असतील तर दोन बॅलट युनिट्स असतात, कुठलं पहिलं ते हाताने दाखवून घ्या, मगच अधिकाऱ्याला बाहेर जायला सांगा.

आणि संघटनांमध्ये काम करत असाल तर मागणी अशी करा: व्हीव्हीपॅट जसं एका पोटनिवडणुकीतून सुरू झालं तसंच वाचक उपकरणही एका पोटनिवडणुकीत आणा. पण त्याआधी नकली केंद्र उभं करून चाचणी घ्या, ज्यात ब्रेल येणारे, न येणारे, उशिरा अंध झालेले, कुष्ठरोगातून बरे झालेले आणि डोळस असे सगळे असतील, त्यांना कोणतंही ट्रेनिंग न देता मत द्यायला लावा आणि काही चिठ्ठ्यांवर मुद्दाम चुकीचा नंबर छापा. आवाज गोड आहे का हे विचारू नका. चुकीची चिठ्ठी किती जणांनी पकडली, आणि पकडल्यावर त्यांना आपला नंबर कोणालाही न सांगता तक्रार करता आली का, हे दोनच आकडे जाहीर करायला लावा.